सकाळच्या खेळातली गुणगुण

चुंबनाचा आवाज स्वतःच्या हातावर काढतात. डाव्या हाताची पाठ ओठांशी न्यायची, डोळे पडद्यावरच्या जोडीवर ठेवायचे आणि ती दोघं जितका वेळ घेतील तितका वेळ आपण आपल्याच हाताचा मुका घ्यायचा. मला हे शिकवणारे गृहस्थ साठीचे होते, पांढरा लेंगा-सदरा घालायचे, आणि शिकवताना गणिताच्या मास्तरांइतके कोरडे असायचे. दिवसभर काम केलं की हाताची पाठ लाल व्हायची. परतीच्या गाडीत मी तो हात पदराखाली घेऊन बसायची, जणू बघणाऱ्याला त्यावरून सगळं कळणार होतं. डोंबलाचं कळणार होतं.

मी नाशिकरोडला राहायची. महिन्यातून पाच-सहा दिवस मुंबईला जाऊन दक्षिणेकडच्या सिनेमांना हिंदी आवाज द्यायची. ‘केवळ प्रौढांसाठी’ असं शिक्क्यासारखं छापलेले, सकाळी साडेदहाच्या खेळाला लागणारे सिनेमे. गोष्ट बहुधा एकच. नवरा म्हातारा नाहीतर परगावी, बाई तरणी, आणि घरात कुणीतरी भाडेकरू. आजच्या मानाने त्यात दाखवत फार थोडं. जे दाखवता येत नव्हतं ते ऐकवायचे, आणि ऐकवायला मी होते.

या कामात मला कुणी ओढून नेलं नाही, हे आधीच सांगते, कारण ऐकणाऱ्याला तसं वाटलं की बरं वाटतं. आमच्या हौशी नाटक मंडळाच्या एका प्रयोगाला ते पांढऱ्या लेंग्याचे गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. ते डबिंगचं काम बघायचे. माझं लहानपण देवळाली कॅम्पजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं, खेळायला फौजी लोकांची मुलं, त्यामुळे माझ्या हिंदीला मराठीचा वास नव्हता. त्यांनी बोलावलं. पहिल्यांदा एका ऋषीच्या बायकोला आवाज दिला, मग एका तोतऱ्या पोराला, आणि तिसऱ्या वेळी दिवे मालवल्यावर समोर एक बाई ओल्या साडीत नदीतून वर आली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, नको असेल तर सांग, दुसरी बोलावतो. मी नको म्हटलं नाही. मला ते काम आवडायचं. सिनेमाच्या फितीचा छोटा तुकडा टोकाला टोक जोडून माळेसारखा फिरवत ठेवायचे, तोच प्रसंग पुन्हापुन्हा समोर यायचा, आणि परक्या बाईच्या परक्या भाषेतल्या ओठांवर आपले शब्द बरोबर बसले की अंगावर काटा यायचा. रंगमंचावर मला असं कधी झालं नाही. तिथे माझ्या नाकाची, उंचीची, सावळ्या रंगाची चर्चा आधी व्हायची.

घरी मी आणि आप्पा, दोघंच. आप्पा म्हणजे माझे वडील. नाशिकरोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. आई मी चौदा वर्षांची असताना गेली. आप्पांना मी सांगितलं होतं की भक्तिपर सिनेमे आणि केसांच्या तेलाच्या जाहिराती. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. पहाटे स्टोव्हवर चहा करून द्यायचे, गाडीत बसवून द्यायचे, आणि इगतपुरीला गाडी जास्त वेळ थांबते तेव्हा खाली उतरू नकोस, एवढंच प्रत्येक वेळी सांगायचे.

सिनेमाच्या पेट्या रेल्वेनेच यायच्या. पत्र्याच्या, जड, कडीकोयंड्याच्या, वर सिनेमाचं नाव चिकटवलेलं. थिएटरचा माणूस सही करून सोडवून न्यायचा. एकदा दुपारी मी आप्पांचा डबा घेऊन पार्सल ऑफिसात गेले, तर ते अशाच एका पेटीवर बसून हात पुसत माझी वाट बघत होते. पेटीवरचं नाव मी वाचलं. त्यात मीच होते. आप्पांनी त्या पेटीवर बसून वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली, ठेच्याचं कौतुक केलं, आणि मी समोर उभी राहून डबा रिकामा व्हायची वाट बघितली. हसू येत होतं. घरी आल्यावर मात्र तो रिकामा डबा मी दोनदा घासला. कुणाला तरी हे सांगावं असं फार वाटलं, आणि सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

म्हणजे एक मैत्रीण होती. शाळेत शिक्षिका, मंडळात माझ्याबरोबर. तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडताना मी तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरून हसली. हाताचं दाखव म्हणाली, मी दाखवलं, तिने करून बघितलं आणि पुन्हा हसली. मग हसू आवरून तिने विचारलं, त्याला सांगितलंस का?

तो म्हणजे मंडळातलाच, बँकेत नोकरीला. दोन वर्षं आमचं जमलेलं होतं. घरच्यांशी बोलणं तेवढं राहिलं होतं. त्याला मी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर सोडून देऊ, मग सांगायची गरजच नाही, असा माझा हिशेब. मैत्रीण म्हणाली, बरं केलंस. त्यानंतर तिच्या सासरची माणसं आलेली असली की ती मला बोलवायची नाही. भांडण नाही, अबोला नाही. मैत्री मागच्या दाराने चालू राहिली. मी त्याबद्दल तिला कधी बोलले नाही, पण समोरचं दार माझ्यासाठी बंद झालेलं मला कळत होतं आणि ते लागत होतं.

त्या वर्षी मंडळाने नवं नाटक घेतलं. त्यात मुख्य भूमिका मला मिळाली. बाईच्या आवाजावरच ते नाटक उभं होतं. पहिल्या अंकात ती दिसतच नाही, आतल्या खोलीतून बोलते. दिग्दर्शकांनी मला बोलावून सांगितलं, हे तुझ्यासाठीच आहे. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच, असं मला वाटलं. समोर तोच, माझ्या नवऱ्याच्या भूमिकेत. तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी व्हायच्या. पंधराएक तालमी झाल्या असतील. मग एका सोमवारी मी आतून त्याला हाक मारली आणि तो आपलं वाक्य विसरला. पुन्हा मारली, पुन्हा विसरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तालीम संपल्यावर आम्ही नेहमीसारखे सीबीएसच्या बस स्टँडपर्यंत चालत गेलो. रस्ताभर तो दोन पावलं पुढे होता. बस दिसल्यावर म्हणाला, "तुझा आवाज..."

"काय माझा आवाज?"

"काही नाही. ऐकल्यासारखा वाटला."

"दोन वर्षं ऐकतोयस. अजून कुठे ऐकलास?"

तो बसच्या पाटीकडे बघत राहिला. मला त्याच क्षणी कळलं. रविवारी सकाळी बँकेतली मित्रमंडळी, साडेदहाचा खेळ. तो विचारू शकत नव्हता, कारण मला विचारण्याआधी त्याला स्वतःचं सांगावं लागलं असतं. मी सांगू शकले असते. तोंडाशी आलंही होतं. पण त्याने आधी बोलावं असा माझा हट्ट होता, आणि बस आली.

नंतर त्याच्या आईची तब्येत बिघडली, मग त्याने मालेगावला बदली मागून घेतली. जाण्यापूर्वी मंडळात काय बोलला मला माहीत नाही. नाटक बसेना म्हणून दिग्दर्शकांनी दुसरं घेतलं. त्यात मला शेजारणीचं काम होतं, सहा वाक्यांचं. तिकीट काढून माझा आवाज ऐकणारा माणूस तो आवाज फुकटात घरी ठेवून घ्यायला तयार नव्हता. इतक्या वर्षांनी माझा राग एवढाच शिल्लक आहे. पण तेव्हा मी पुष्कळ रडले, नळ सोडून, आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्याच सुमाराला मी एक चूक केली. तेव्हा ती चूक वाटली नाही.

एका सिनेमात बाई आरशासमोर एकटी बसून केस विंचरते. पाठमोरी. मूळ सिनेमात तिथे गाणं होतं, पण त्याची फीत आमच्याकडे आलीच नव्हती. पडद्यावर ती विंचरतेय आणि सगळं मुकं. पांढऱ्या लेंग्याचे गृहस्थ वैतागले होते. काहीतरी गुणगुण, म्हणाले, ओठ दिसत नाहीत, काहीही चालेल.

काहीही म्हटल्यावर माझ्या तोंडून आईचं निघालं. आई इगतपुरीकडची. तिच्या माहेरी भाताची रोपं लावताना बायका काही म्हणायच्या, त्याचे शब्द ती विसरली होती, चाल राहिली होती. तांदूळ निवडताना, माझे केस विंचरताना ती ती चाल गुणगुणायची. चाल वर वर जायची आणि एका जागी मध्येच तुटायची. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या खोलीतून आप्पा विचारायचे, पुढं? आई म्हणायची, "बांधापातुर आमचं. पुढलं पुढच्या वावरातल्या बाया म्हणायच्या." हे आमच्या घरात इतक्यांदा झालं होतं की विचारणाऱ्याला उत्तराची आणि सांगणारीला प्रश्नाची सवय होती. तरी आप्पा विचारायचे.

मी माइकसमोर गुणगुणत त्या जागेपर्यंत आले आणि थांबले. पडद्यावरची बाई अजून विंचरत होती. केस लांब होते तिचे. काचेपलीकडून गृहस्थांनी हात फिरवला, चालू ठेव. तुकडा पुन्हा फिरून समोर आला. पुन्हा तिथेच अडखळले, पुन्हा हात. तिसऱ्या वेळी मी बांध ओलांडला. वर गेलेली चाल हळूहळू खाली आणली, दोनदा वळवली आणि जिथून निघाली होती तिथे नेऊन ठेवली. कुठून सुचलं सांगता येणार नाही. गृहस्थ म्हणाले, झालं, उत्तम, पुढचा घ्या. पुढचा प्रसंग भाडेकरूचा होता.

गाडीत मला आईची आठवण येऊन जीव नकोसा झाला. सगळ्यांपासून लपवून ठेवलेल्या कामात मी आईला नेऊन बसवली होती, आणि तिच्या पाठोपाठ भाडेकरू आत शिरला होता. पण सुधारायला काही हातात नव्हतं. ती फीत गेली.

वर्षभराने मैत्रीण शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. तिचं माझ्या घरी येणं तोवर बंदच झालं होतं, म्हणून मी जरा घाबरले. पाणीही न घेता ती म्हणाली की तिचा भाऊ, जो थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसायचा, त्याने घरी एक गोष्ट सांगितली. माझे वडील साडेदहाच्या खेळाला येतात. एकदा नाही. शुक्रवारी सिनेमा लागला, शनिवारपासून आज बुधवारपर्यंत रोज. दारावरची पोरं त्यांना बघून एकमेकांना कोपरं मारतात.

"मी सांगणार नव्हते," ती म्हणाली. "पण गावभर होण्याआधी तुला कळलेलं बरं."

आप्पांची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती, सकाळ मोकळी असायची हे खरं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होते, हेही मी बघितलं होतं. मला शरम वाटली, आणि मग राग आला, आणि मग ज्या धंद्यावर मी जगते त्या धंद्याचं गिऱ्हाईक म्हणून बापाची शरम वाटते याचा आणखी राग आला. मैत्रिणीला मी काहीतरी टोचून बोलले, तुझा भाऊ तिथे बसून काय रामायण वाचतो का वगैरे. तिने मनावर घेतलं नाही. उठताना म्हणाली, एक मात्र विचित्र आहे. अर्ध्या तासात उठून जातात. दारावरची पोरं म्हणतात, म्हाताऱ्याला कळत नाही, खरा माल पुढेच असतो.

ती गेल्यावर मी तशीच चौकापर्यंत चालत गेले. तिथे थिएटरची जाहिरात लावलेली असायची. नाव बदललेलं होतं, पण बाईचा चेहरा मी ओळखला. केसही ओळखले. एक रीळ दहा मिनिटांचं, फार तर अकरा. केस विंचरायचा प्रसंग तिसऱ्या रिळाच्या शेवटी. भाडेकरू चौथ्यात.

मी किती वेळ तिथे उभी होते कुणास ठाऊक. पोस्टरवर डोळे लावून उभी राहिलेली बाई बघून येणारे-जाणारे काय म्हणाले असतील, याचं त्या दिवशी मला काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी आप्पा तिथे का गेले, हे मी आजवर ठरवू शकले नाही. जसे पुरुष जातात तसेच गेले असतील. बारा वर्षं एकटा राहिलेला माणूस, त्याला कुणी काय म्हणावं? किंवा मुलीचा आवाज कुठे असतो हे त्यांना आधीच कळलं असेल. पेट्या त्यांच्याच हातून जात होत्या. पण दुसऱ्या दिवशी का गेले ते मला ठाऊक होतं.

मैत्रीण येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार, सिनेमाचा शेवटचा दिवस. सकाळी दहाचा सुमार असेल. मी दारापाशी उजेडात तांदूळ निवडत बसले होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती. आप्पा, तुम्ही मला काय वाटेल ते बोला. आप्पा, मी सोडते ते काम. आप्पा, लोक हसतात तुम्हाला, आज जाऊ नका. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. पाळीचा डबा पिशवीत घेतला, टोपी घेतली. माझ्याजवळून जाताना थांबले. सुपातल्या तांदळाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"पुढलं तिनं तुला शिकवलं व्हतं?"

माझा हात सुपातच राहिला. ते रागावलेले नव्हते. मी काय काम करते, कुठल्या सिनेमात, त्यात पुढे काय काय होतं, यातलं काहीच त्यांना विचारायचं नव्हतं. सगळं बाजूला ठेवून एवढंच. आणि उत्तराची ते इतक्या आशेने वाट बघत होते की मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग चपला घातल्या.

"मला नाय सांगितलं कधी," म्हणाले, आणि शेवटचा दिवस होता म्हणून जरा लवकरच निघाले.

त्या कामाबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी आणखी चार वर्षं ते केलं, मग घरोघरी व्हिडिओ आले, साडेदहाचे खेळ ओस पडले, आणि मला कुणी बोलावेनासं झालं. लग्न झालं नाही. मंडळही सुटलं. एवढे सिनेमे केले, एकाच्याही पाट्यांवर माझं नाव आलं नाही. तसं ते यावं अशी सोयही नव्हती.

आप्पा निवृत्त झाल्यावर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि गुणगुणायचे. बांधापर्यंत, आणि बांध ओलांडून पुढे, जसं मी माइकसमोर म्हटलं होतं अगदी तसंच, दोन वळणांसकट. सहा दिवसांत त्यांनी ते पाठ केलं होतं. कधी शेजारचं कुणी विचारायचं, आप्पा, हे कुठलं? ते म्हणायचे, "हिच्या आईचं हाय. शेवट हिलाच सांगून गेली."

मी आतून हो म्हणायची.